तुका कोणी सांगल्यान?

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या राहत्या घरातच चार खोल्यांचा होमस्टे चालवतात. प्रश्न लांबलचक आहे, मी थोडक्यात मांडतो. सासरे म्हणतात, हे एआय म्हणजे थोतांड, कॉम्प्युटरने आधीच सातबारावरचं आमचं नाव खाल्लंय. बचत गटातल्या बायकांची गोष्ट उलटी, त्या तापापासून कर्जापर्यंत सगळं मोबाइललाच विचारतात. मुलगा ऐरोलीला एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं देतो, त्याला वाटतं वर्षभरात आपली नोकरी जाणार. आणि खुद्द ताईंनी होमस्टेची जाहिरात एआयकडून लिहून घेतली, तर तिच्यात ‘खासगी समुद्रकिनारा’ छापून आला. पाहुण्यांनी येऊन तो किनारा मागितला! ताई विचारतात, लोकांना ह्या एआयबद्दल नक्की वाटतं तरी काय, आमच्या घरातलं कोण बरोबर, आणि आम्ही ठरवायचं काय?

ताई, मी देवगड तालुक्यात २००२ पासून कॉम्प्युटर क्लास चालवतो. एमएस-सीआयटी सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पोरांना सोडायला आलेले बाप माउसला हात लावायला घाबरायचे, शॉक बसेल म्हणून. पुढे क्लासच्या जोडीला दाखले, अर्ज, पीकविमा, सातबारा असं सेवा केंद्राचं काम लागलं. थोडक्यात, इतकी वर्षं मी यंत्र आणि माणूस यांच्या मधल्या टेबलावर बसलोय. जे सांगतोय ते तिथे बसून बघितलेलं आहे.

आधी सर्व्हे उरकतो. प्यू रिसर्च सेंटरने २०२५ साली २५ देशांतल्या लोकांची मतं प्रसिद्ध केली. सगळ्या देशांचा मध्य काढला तर ३४ टक्के लोकांना उत्साहापेक्षा काळजी जास्त, १६ टक्क्यांना काळजीपेक्षा उत्साह जास्त, आणि ४२ टक्के म्हणाले दोन्ही सारखंच. अमेरिकेत काळजीवाले ५० टक्के, दक्षिण कोरियात १६. त्याच वर्षी मेलबर्न विद्यापीठ आणि केपीएमजी यांचा ४७ देशांतल्या ४८ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास आला. त्यात ६६ टक्के लोक एआय नियमित वापरणारे निघाले, विश्वास ठेवायला तयार मात्र ४६ टक्केच. वापर जास्त, विश्वास कमी, हे बघून शहरातले जाणकार कोड्यात पडतात. मला त्यात काही कोडं दिसत नाही. कोळणीने सांगितलेल्या पहिल्या भावावर कोणाचा विश्वास असतो? म्हणून आपण मासळी खायची सोडलीय का?

तुमच्या घरात तर हे तिन्ही गट एकाच पडवीत बसलेले आहेत.

आमच्याकडे कोणी काही बातमी आणली की ऐकणारा पहिलं विचारतो, “तुका कोणी सांगल्यान?” म्हणजे, तुला कोणी सांगितलं? बातमी खरी की खोटी ते मागाहून. आधी सांगणारा कोण, कोणाचा कोण, त्याने मागे काय सांगितलं होतं आणि त्यातलं किती खरं निघालं, हा हिशोब. अमक्याने सांगितलं म्हटलं तर लोक छत्री घेऊन निघतात, तमक्याने सांगितलं म्हटलं तर हसतात. एआयबद्दलचं इथलं मत मला तरी ह्या एका प्रश्नात सापडतं. यंत्राची भीती कोकणात फारशी नाही. घराघरात मिक्सर आहे, आंब्याच्या बागेत पॉवर स्प्रे आहे, बोटीवर जीपीएस आहे. भीती आहे ती जे बोलतं पण ज्याच्या बोलण्याला धनी नाही, त्याची. उद्या चुकलं तर कोणाच्या दारात जायचं, हे कळत नाही म्हणून.

तुमच्या सासऱ्यांची गोष्ट म्हणून आधी घेतो. त्यांना जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारू नका.

कोकणातला सातबारा म्हणजे भाऊबंदकीची हजेरी. पाच गुंठ्यांच्या भरडावर तीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईत, काही वर गेलेली. हस्तलिखित उतारे कॉम्प्युटरवर चढवले गेले, तेव्हा ते टाइप करणारी माणसंच होती, आणि दिवसभर असली नावं टाइप करताना ‘बाबाजी’चं ‘बाबजी’ होणं, एखादी ओळ गळणं हे होणारच होतं. चुका शोधायला २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. पण ज्यांचं नाव गळलं त्यातले कितीतरी त्या दिवशी परळ-डोंबिवलीला होते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि माझ्या टेबलावर एक नवीन प्रकारचा माणूस येऊ लागला.

त्यातले एक आजोबा मला विसरता येत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला उतारा, शाई तपकिरी झालेली, घडीच्या रेषेवर कागद फाटून आलेला. त्यांनी तो माझ्या कीबोर्डवर अलगद पसरला, एका ओळीवर बोट ठेवलं, मग स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “ह्या कागदार मी असंय, थय नाय. मगे मी असंय काय नाय?” मी त्यांना सांगितलं की ही टायपिंगची चूक आहे, दुरुस्त होते. त्यांनी विचारलं, कोणी केली? आणि इथे मी अडकलो. कारण जो तो सांगत होता, ते कॉम्प्युटरमध्ये तसं आलंय. कॉम्प्युटरने काही केलं नव्हतं, एका माणसाने एक ओळ सोडली होती. पण त्या माणसाला आता चेहरा उरला नव्हता, चेहरा होता तो फक्त स्क्रीनला. तुमचे सासरे ‘कॉम्प्युटरने नाव खाल्लं’ म्हणतात ते इथून येतं. तंत्राच्या दृष्टीने ते चूक आहे, व्यवहाराच्या दृष्टीने मला ते अगदी बरोबर वाटतं.

दुसरा अनुभव माझ्या घरचा. आंबा-काजूला हवामानावर आधारित फळपीक विमा असतो. नुकसान बघायला कोणी बागेत येत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर पाऊस किती नोंदला गेला, तापमान किती चढलं-उतरलं, त्या आकड्यांवर भरपाई ठरते. कल्पना वाईट नाही, पंचनामे टळतात, वशिला टळतो. पण आमच्या मंडळातलं केंद्र सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, आणि आमची बाग खाली व्हाळाच्या कडेला. एका मार्चमध्ये रात्री पाऊण तास पाऊस पडला. मी बॅटरी घेऊन मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, दारात उभा होतो, मोहोर गळून पायाखाली चिखलात बसलेला दिसत होता. सड्यावरच्या यंत्रात त्या रात्री पाऊस पडला नाही. तक्रार करायला गेलो तर प्रत्येक खिडकीने पुढची खिडकी दाखवली आणि शेवटच्या खिडकीने आकडा दाखवला. आकडा खोटा नव्हता हो, तो सड्यावरचा होता.

एआयचं नाव ऐकून इथला शेतकरी भुवई चढवतो, कारण माणसाविना झालेल्या निर्णयाची चव त्याने आधीच घेतलेली आहे. १ मे २०२५ ला आपला सिंधुदुर्ग प्रशासनात एआय वापरणारा जिल्हा म्हणून पुढे आला, राज्य सरकारच्या ‘मार्व्हल’ कंपनीशी त्यासाठी करार झाला, पेपरात मोठी बातमी आली. त्या दिवशी चहाच्या टपरीवर एक जण शांतपणे म्हणाला, “एआय इलो ता बरा झाला. पण दाखल्यार सही कोण करतलो?” सगळे हसले. मला तो दिवसभरातला सर्वात मुद्द्याचा प्रश्न वाटला.

आता बचत गट. इथे माझं मत थोडं कडक आहे, तुमच्या मैत्रिणींना राग आला तरी चालेल.

एआय कसं बोलतं ते आधी दोन वाक्यांत. ह्या यंत्राला अफाट मजकूर वाचायला घातलेला असतो, आणि एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, ह्याच्या जोरावर ते उत्तर बांधत जातं. नोंदवही उघडून बघण्याची सवय त्याला मुळात नाही. काही ॲप आता इंटरनेटवर शोधून सांगतात, पण शोधलेलं आणि रचलेलं एकाच आत्मविश्वासाने सांगतात. शिवाय त्या मजकुरात इंग्रजी डोंगराएवढं, मराठी टोपलीभर आणि मालवणी चिमूटभर.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतली एक आजी नातवाला घेऊन आधारच्या कामाला आली होती. नातू तापाने फणफणलेला. क्लासमधल्या एका मुलीने हौसेने मोबाइल पुढे केला, म्हणाली, आजी ह्याला विचार, हा सगळं सांगतो. आजी मोबाइलच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, “माका सांग, नातवाक ताप इलो हा, पेज देव काय?” स्क्रीनवर उमटलं, ‘मका सांग नातवाक ताप येलो हा पेज देव काय’. आणि यंत्राने अदबीने विचारलं की आपल्याला देव या विषयावरचं पेज हवं आहे का, की मक्याबद्दल माहिती हवी आहे? पोरं हसून लोळली. आजी हसली नाही. पदर सावरत म्हणाली, “ह्येका माझा बोलणा कळणा नाय, नि ह्यो माका काय सांगतलो?” नातवाला तिने घरी नेऊन पेज दिलीच, आणि दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातही नेलं.

त्या आजीला यंत्राने फसवलं नाही, कारण ते उघड-उघड चुकलं. गटातल्या बायका प्रमाण मराठीत नीट टाइप करून विचारतात आणि त्यांना छान, गुळगुळीत, मुद्देसूद उत्तर येतं. धोका त्या उत्तरात आहे. मागे एक गृहस्थ काजू प्रक्रियेच्या अनुदानासाठी दोन पानी अर्ज घेऊन आले. भाषा अशी की कारकुनाने उभं राहून वाचावी. वर शासन निर्णयाचा क्रमांक, तारीख, सगळं. मी शासनाच्या संकेतस्थळावर तो निर्णय शोधला. तारखेने शोधला, विभागाने शोधला. असा निर्णयच नव्हता. गृहस्थ म्हणाले, “पण नंबर आहे ना त्याच्यावर!” सरकारी कागदावर नंबर असला की तो खरा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. यंत्राने ती नेमकी उचलली, कारण त्याने वाचलेल्या अशा सगळ्या मजकुरात नंबर होता. नंबर हवा, म्हणून त्याने एक नंबर घातला.

एक गंमत सांगतो, विषयाला सोडून नाही. आपल्या देवळांत कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर कळे लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. माझा त्यावर विश्वास किती, तो प्रश्न वेगळा. पण त्या पद्धतीत एक शहाणपण आहे: प्रश्न चारचौघांत, मोठ्याने विचारावा लागतो. मानकरी बसलेले असतात, भाऊबंद ऐकत असतात, विचारणारा वेडंवाकडं विचारू लागला तर कोणीतरी खाकरतं. आणि डावा कौल पडायची शक्यता खरीखुरी असते. मोबाइलला माणूस रात्री एकटा, पांघरुणात विचारतो. आणि ह्या यंत्रांचा कल विचारणाऱ्याच्या हो ला हो करण्याकडे असतो, हे ती बनवणाऱ्या कंपन्यांनीही मान्य केलेलं आहे. ‘जावेने माझ्याशी असं वागायला नको होतं ना?’ असं विचारलंत तर जाऊ दोषी ठरणार. मशीनचा कौल बहुतेक वेळा उजवाच पडतो. गटात कर्जाचा निर्णय असेल तर बायकांना सांगा, प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा: हे कर्ज घेऊ नये याची कारणं सांग. मग दोन्ही उत्तरं बैठकीत मोठ्याने वाचा. आकडे मात्र बँकेच्या कागदावरूनच घ्यायचे.

औषधाचा डोस, विषारी फवारणी आणि पैशाचा व्यवहार या तीन गोष्टींत यंत्राचा शब्द शेवटचा नको. फवारणीचं मी हौसेने सांगत नाहीये. आमच्या एका तरुण बागायतदाराने कैरीवरच्या चट्ट्यांचा फोटो टाकला, उत्तर आलं करपा, बुरशीनाशक मारा. त्याने मारलं. चट्टे होते फुलकिड्यांचे, बुरशीनाशकाने फुलकिडा मरत नाही, आणि तोवर आठवडा गेला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक त्याच्या मांगराच्या भिंतीला चिकटवलेलं होतं, ते त्याने वाचलं नव्हतं. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे मराठीतलं ॲप आणलं, त्यातही एआय आहे. दोन्हींत निवड करायची तर मी ते वापरा म्हणेन. ते चुकणारच नाही असं नव्हे. पण तिथे ‘तुका कोणी सांगल्यान?’ला उत्तर देता येतं: कृषी विभागाने सांगितलं. चुकलं तर तालुक्याला जाऊन भांडता येतं.

मच्छीमारांकडून ह्या बाबतीत शिकण्यासारखं आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाच्या मदतीने समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासे कुठे असण्याची शक्यता आहे ते कळवते. सुरुवातीला तांडेल, म्हणजे बोट चालवणारे म्होरके, हसायचे. वादळाच्या इशाऱ्यांचंही तेच. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं तेव्हा कितीतरी बोटी समुद्रात होत्या, त्यातली काही माणसं परत आली नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा इशारा आल्यावर बोटी बंदरांकडे वळल्या. त्यातही देवगडला नुकसान झालंच, ते आम्ही विसरलेलो नाही. पण मधल्या बारा वर्षांत इशारा खरा ठरताना लोकांनी इतक्यांदा बघितला की मोबाइलवरचा संदेश आता तांडेल गांभीर्याने वाचतो, आणि तरीही निघण्याआधी वाऱ्याकडे एकदा बघतोच. भाषणाने कोणाचा विश्वास बसला नाही, पडताळून पडताळून बसला.

तिथेच दुसरी बाजूही आहे. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर बेकायदा मासेमारी पकडायला ड्रोन फिरू लागले. छोट्या होडीवाल्या पारंपरिक मच्छीमाराला विचारा, तो म्हणेल बरं झालं, एलईडी लावून मासळी ओरबाडणारे तरी सापडतील. मोठ्या बोटीच्या मालकाला विचारा, त्याचं मत तुम्हाला इथे छापता येणार नाही. ड्रोन तोच. ‘लोकांना काय वाटतं’ हा तुमचा प्रश्न म्हणूनच जरा फसवा आहे. यंत्र कोणाच्या हातात आहे आणि कोणावर रोखलेलं आहे, ते कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

आता तुमचा मुलगा.

माझे वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यातली कितीतरी बिऱ्हाडं आपल्या कोकणातली. पुढच्या वर्षी आम्ही पत्र्याच्या दोन ट्रंका घेऊन गावी आलो. मी तेव्हा आठ वर्षांचा. मनीऑर्डरवर चालणारं गाव, आणि मनीऑर्डर पाठवणाराच परत आलेला. म्हणून इथल्या म्हाताऱ्यांना ‘नोकऱ्या जाणार’ हे नुसतं ऐकलं तरी त्यांच्या डोळ्यांपुढे बंद गिरणीचं गेट येतं. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं. कंपनीने कारण दिलं कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचं, एआयचं नव्हे. आमच्या वाडीत बातमी पोचली ती मात्र ‘एआयने बारा हजार खाल्ले’ अशीच. वडील शेवटपर्यंत एक गोष्ट सांगायचे: गिरणी मागाने बंद पडली नाही, गिरणीच्या जमिनीला भाव आला तिथे ती बंद पडली. मला त्यातलं सगळं पटत नाही. भिवंडीचे यंत्रमाग होते, संप लांबला होता, मालकांनी जुनी यंत्रं बदलली नव्हती. पण यंत्रापेक्षा हिशोब करणाऱ्याकडे बघ, ही त्यांची शिकवण मी आज मुलांना देतो.

खोटा धीर मी देणार नाही. ‘माझी ऑर्डर कुठे आहे’, ‘पासवर्ड विसरलो’ अशा ठरीव प्रश्नांना चॅटवर उत्तरं देणं हे काम यंत्र सर्वात आधी घेतं, घेऊ लागलंही आहे. तुमच्या मुलाची भीती खरी आहे. पण त्याच खात्यात दुसरं काम वाढतं: यंत्राने उत्तर देऊन चिडवलेला ग्राहक शांत करणं, यंत्र कुठे चुकतंय ते पकडणं, ज्या तक्रारीत दोन खात्यांना फोन लावावे लागतात ती तडीस नेणं. त्याने आजच वरिष्ठांना सांगून अवघड तक्रारी मागून घ्याव्यात. नोकरी सोडू नये. आणि साठ-सत्तर हजार भरून, त्यातही कर्ज काढून, सहा महिन्यांत ‘एआय तज्ज्ञ’ करणाऱ्या कोर्सला मुळीच जाऊ नये. हे मी स्वतः क्लासवाला असून सांगतोय. गेल्या वर्षी आमच्याही बोर्डावर ‘एआय’ ही दोन अक्षरं चढली, कबूल करतो. पोरं त्याशिवाय आत येत नाहीत. आत आल्यावर आम्ही अजून एक्सेलच शिकवतो.

माझ्या टेबलाचं काय झालं ते सांगतो, त्यातून त्याला कदाचित दिशा मिळेल. मला वाटलं होतं, अर्ज मोबाइलवर लिहून मिळू लागले की माझ्याकडे कोण येणार? लोक यायचे थांबले नाहीत. पूर्वी म्हणायचे, अर्ज लिहून दे. आता लिहिलेला अर्ज घेऊन येतात आणि म्हणतात, “ह्या बरोबर हा काय, बघ.” पन्नास रुपये तेव्हाही द्यायचे, आताही देतात. आधी ते माझ्या टायपिंगचे होते. आता चूक झाली तर मला येऊन पकडता येतं, त्याचे आहेत. गंमत म्हणजे काम अवघड झालंय. स्वतः लिहिताना चूक कुठे होईल ते माहीत असतं. दुसऱ्याच्या गोड भाषेतली चूक शोधायला दुप्पट वेळ जातो.

घरात काय ठरवायचं म्हणता, तर होमस्टेपासून धरा. गुजरातच्या, बेंगळुरूच्या पाहुण्यांना हिंदी-इंग्रजीत उत्तर द्यायला एआय खुशाल वापरा, उत्तम जमतं. पण भाव, अंतर, जेवणातले पदार्थ आणि घरात काय आहे, ह्या चार गोष्टी आधी तुम्ही मराठीत लिहून द्या आणि बजावा की ह्याबाहेरचं एक अक्षर घालू नकोस. तरी घालेल. म्हणून पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. त्याने गोव्याच्या रिसॉर्टच्या जाहिराती भरपूर वाचल्यात, म्हणून त्याच्या डोक्यात प्रत्येक घरापुढे खासगी किनारा असतो. आमच्या इथल्या एका खाणावळवाल्याच्या मेनूत त्याने सोलकढीचं वर्णन ‘दही आणि कोकम यांचे पारंपरिक पेय’ असं केलं होतं. दही! नारळाच्या रसाचं नाव नाही. ‘कढी’ शब्द दिसला, पुढचं त्याने जुळवलं.

घरात म्हातारी माणसं आणि मुलगा लांब, म्हणून एक काम आजच करा. मुलाचा आवाज हुबेहूब काढून ‘आई, अपघात झालाय, ह्या नंबरवर पैसे टाक’ असं सांगणारे फोन आता येतात. काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरून आवाज बनवता येतो. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक खुणेचा प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर फेसबुकवर कुठेच नाही. आजोबांच्या बैलाचं नाव, विहिरीजवळच्या फणसाला घरात काय म्हणतात, असलं काही. उत्तर आलं नाही तर फोन ठेवायचा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉलवर कोणी ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला तर तसं काही कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

राहता राहिलं सासऱ्यांचं नाव. जुना हस्तलिखित सातबारा आणि फेरफाराची नक्कल शोधा, ट्रंकेत असेल. टायपिंगची चूक असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. एखाद्या शनिवारी दोघं केंद्रावर या. अर्जाचा मसुदा आपण एआयकडूनच लिहून घेऊ, त्यांच्या समोर. मग तो प्रिंट काढून त्यांच्या हातात देऊ आणि सोबत लाल पेन देऊ. गट नंबर, आजोबांचं नाव, वाडीचं नाव, यातलं काहीतरी त्याने चुकवलेलं असणारच, आणि ते तुमच्या सासऱ्यांइतकं लवकर कोणाला दिसणार नाही. येताना त्यांचा चष्मा विसरू नका, शनिवारी मी दोनला बंद करतो.